टणटणी, पऱ्हाटी आणि लिग्निन

नमस्कार, श्रोतेहो.

वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं, सहज मोडत नाही, टणटणीचं (घाणेरीचं) जुनं खोड कोयत्याला दाद देत नाही. हा कणखरपणा येतो लिग्निनमुळे. सेल्युलोजच्या तंतूंमध्ये ते विटांमधल्या चुन्यासारखं भरलेलं असतं. लाकडाच्या वजनात त्याचा वाटा साधारण २० ते ३० टक्के. कागद गिरण्यांमध्ये लगदा शिजवताना ते काळ्या द्रवात उतरतं आणि बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जळतं. गिरणीला त्यातून वाफ, वीज मिळते. बांधावर पेटवलेल्या पऱ्हाटीतून मात्र धुराशिवाय काही मिळत नाही.

लिग्निन वेगळं काढायची एक जुनी रीत अशी. खोडं वाळवून बारीक करायची आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, बंद भांड्यात, दाबाखाली शिजवायची. तंतू गाळून काढले की काळा द्रव उरतो. त्यात हळूहळू आम्ल घालत गेलं की लिग्निन तळाशी बसतं. ते धुऊन वाळवलं की तपकिरी भुकटी हाती येते. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, तीही सोड्यात विरघळते. म्हणून सामू (पीएच) आधी नऊच्या आसपास आणून सिलिका गाळायची, मग तो दोनपर्यंत उतरवायचा. ही पायरी वगळली तर भुकटीत राखच जास्त येते.

प्लायवूडच्या डिंकात फिनॉलचा काही भाग वाचवायला लिग्निन चालतं. सल्फाइट पद्धतीने लगदा करताना लिग्निनपासून मिळणारे लिग्नोसल्फोनेट काँक्रीटमध्ये पाणी कमी लागावं म्हणून घालतात, तर नॉर्वेत लाकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा स्वाद देणारं व्हॅनिलिन बनतं.

मग जलपर्णीचं काय? नद्या तुंबल्या की लिग्निनसाठी तिचं नाव हमखास पुढे येतं. मला ते पटत नाही. तिच्यात जवळपास ९५ टक्के पाणी. एक टन उपसली तर कोरडी ५० किलो, आणि त्यात दहावा हिस्सा लिग्निन धरलं तरी जेमतेम ५ किलो! तिचं खत करावं, बायोगॅस करावा.

टणटणीचं तसं नाही. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे झुडूप आज जंगलंच्या जंगलं व्यापून बसलंय. तिचं खोड लाकडी, लिग्निन कोरड्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास. फक्त ती फळं धरण्याआधी, मुळाच्या गड्ड्यासकट काढावी. नाहीतर पुन्हा फुटते आणि बी गाडीबरोबर नव्या गावी पोचतं.

पऱ्हाटीबद्दल मला सगळ्यात जास्त आशा वाटते. फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवर पुन्हा पीक, न घेता ती वेळेत शेताबाहेर काढली तर गुलाबी बोंडअळीची साखळी तुटायला मदत होते. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलेलंच आहे. गोळा करणं, चिपा करणं, वाहून नेणं ही कामं बोर्ड आणि लिग्निन दोन्हींसाठी तीच, आणि खरा खर्चही त्यातच.

तुमच्या गावात असा प्रकल्प घेऊन कोणी आलं, तर सोडा आणि आम्ल मिसळून उरणारं खारट पाणी कुठे जाणार, हे आधी विचारा. उत्तर ‘ओढ्यात’ असेल, तर परवानगी देऊ नका.