ऑइल दुधाळ झालं, तरी हेड लगेच खोलू नका

मित्रांनो, समोर गाडीमालकही बसले आहेत आणि गॅरेजमध्ये काम शिकणारी मुलंही. दोघांनाही एकच सांगायचंय. इंजिन ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, उतरतंय असं वाटलं, तर ते कुठून उतरतंय हे कळल्याशिवाय हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या, बोल्टला पाना लावू नका.

डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दुधाळ दिसलं की लगेच निदान होतं, "हेड पॅकिंग गेलं." म्हणजे हेडखालचं सील फाटलं. पुष्कळदा ते खरंही निघतं. पण हेड उतरवायचं म्हणजे टायमिंगचा पट्टा किंवा साखळी काढायची, मॅनिफोल्ड सोडायचे, बऱ्याच इंजिनांत बोल्ट नवे घ्यायचे, वर मशिन शॉपची फेरी. एवढं करून दोष ऑइल कूलरमध्ये, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणाऱ्या भागात, सापडला, तर मालकाचा खिसा विनाकारण रिकामा होतो. याचा मला खरंच राग येतो.

आधी ते कूलंटच आहे का, ते बघा. गाडी रोज जेमतेम दोन किलोमीटर चालत असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर मलईसारखी साचते. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि बाटलीतल्या कूलंटची पातळी आठवडाभर हलली नसेल, तर घाबरू नका. दुसरी शक्यता पुराच्या पाण्याची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं ऑइलही असंच पांढरं होतं, पण तिचं कूलंट जागच्या जागी असतं.

खात्रीची एक साधी रीत आहे. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी सुरू न करता चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल करा आणि खाली काचेची बरणी धरा. कूलंट ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. काळं ऑइल यायच्या आधी हिरवी किंवा गुलाबी पातळ धार आली, की प्रश्न मिटला. मात्र सगळं घुसळून एकजीव झालं असेल तर ते असं वेगळं होत नाही. मग ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. त्यात सोडियम, पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर ते बहुधा कूलंटमधल्या रसायनांचं असतं.

आता ते येतं कुठून? इथे दाबाचा विचार करा. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब साधारण तीन-चार बार, कूलंटचा एक बारच्या आसपास. ऑइल कूलर आतून फुटला, तर गाडी चालताना ऑइल कूलंटमध्ये शिरतं आणि बाटलीत तवंग दिसतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. तेव्हा उलटा प्रवास सुरू होतो. म्हणून दोन्हीकडे भेसळ दिसली, तर मी पहिला संशय कूलरवर घेतो. तो सोडवून एका बाजूने हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर हेडला हात लावायची गरजच नाही.

कूलर ठीक निघाला तर लीकडाउन टेस्ट करा. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडा. बाटलीत बुडबुडे आले तर पॅकिंग तरी गेलंय किंवा हेडला तडा तरी गेलाय. पण एक गोष्ट नीट ऐका: कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून पॅकिंग ठीक आहे असं समजू नका. पॅकिंग पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटेमध्येच फाटलं, तर सिलिंडरला त्याचा पत्ताही लागत नाही आणि चाचणी स्वच्छ येते.

अशा वेळी मी चेंबर उतरवतो. रेडिएटरला हातपंप लावून झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही. मग टॉर्च घेऊन खाली आडवं पडायचं आणि वाट बघायची. कधी कधी तासभर जातो. थेंब लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, बुडातून आला तर डिझेल इंजिनातली लायनरची रबर रिंग गेली. टायमिंग कव्हरच्या बाजूने आला तर आत बसवलेला वॉटर पंप बघा. ऑइल परतायच्या वाटेने वरून आला, तर हेड खोला. मग सरळपट्टी लावून ते वाकलंय का बघा आणि तडा आहे का, ते दाबाखाली तपासून घ्या. नुसतं नवं पॅकिंग टाकून बंद करू नका.

हे सगळं होईपर्यंत गाडी चालवायची नाही, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. टो करून न्या. कूलंट मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही, आणि कूलंटमधल्या ग्लायकोलपासून तयार होणारी आम्लं धातू खातात. चेंबर उतरवलेलंच असतं, तर बिग-एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची, एक कॅप सोडून बेअरिंग बघा. राखाडी थर झिजून खालचं तांबं दिसत असेल, तर नवं ऑइल भरून ती गाडी मालकाच्या हाती देऊ नका.