दुःखात आधी माणसांत बसा

नमस्कार मंडळी. हल्ली कुणावर संकट आलं की लगेच सल्ला मिळतो, ‘ध्यान करा, श्वासाकडे लक्ष द्या.’ सल्ला चांगलाच आहे. पण जिचा तरुण मुलगा नुकताच गेलाय, ती बाई रात्री एकटी डोळे मिटून बसली तर तिला काय दिसणार? आयसीयूचा दरवाजाच. अशा वेळी एकटीनं केलेलं ध्यान जिवावर येतं. म्हणून मी आग्रहानं सांगते, की दुःखात सजगता, म्हणजे या क्षणी मनात-शरीरात काय चाललंय ते शांतपणे पाहणं, आधी माणसांत बसून शिकावी. एकांत नंतर.

हे माझ्या मनाचं नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. जुनाट वेदना घेऊन जगणारी माणसं तिथं गटानं बसायची, सराव करायची आणि अनुभव एकमेकांना सांगायची. मोबाइलवरच्या ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये श्वास तेवढा आला, शेजारी बसलेला माणूस राहून गेला. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात मौन असतं, तरी रोज तीन वेळा सगळे एका सभागृहात एकत्र बसतातच.

मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांचा 2006 मधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनिंग यंत्रात झोपवून, विजेचा सौम्य झटका बसू शकतो असा इशारा दिला जाई. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतली भीतीची खळबळ कमी व्हायची. अनोळखी माणसाच्या हातानंही थोडा फरक पडायचा. तो अनोळखी हात लक्षात ठेवा, कारण गटात पहिल्यांदा येणाऱ्याला तोच मिळतो.

आपल्या पुण्यात ही वाट नवी नाही. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं व्यसनी माणसाच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ हा गट आहे. घरातल्या दुसऱ्याच्या आजारानं आपणही पिळवटून निघतो, हे तिथं ओळखलं गेलं. स्किझोफ्रेनिया असो वा पार्किन्सन्स, रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणणारे स्वमदत गट या शहरात आहेत.

शुभंकरांच्या अशा गटात काय होतं, ते सांगते. खुर्च्या गोल मांडलेल्या. सुरुवातीला काही मिनिटं सगळे शांत. पाय जमिनीवर टेकलेले, बाहेर रिक्षा, कुठंतरी कुकरची शिट्टी, जे कानावर येईल ते ऐकायचं. मग एकेकानं बोलायचं. नियम कडक आहे: मधे तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘आमच्याकडे तर याहून वाईट’ असं म्हणायचं नाही. इथलं इथंच ठेवायचं.

समजा, एका गृहस्थांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. ‘आज वार कोणता?’ हे ती सकाळपासून पन्नासदा विचारते. ते मान खाली घालून म्हणतात, ‘मला तिचा राग येतो हो.’ घरी मुलांपुढे हे वाक्य तोंडातून निघत नाही. समोरच्या काकू एवढंच म्हणतात, ‘मलाही येतो.’ बस्स. गृहस्थांचे खांदे खाली येतात. आता तो राग त्यांना पाहता येतो. छातीत कुठं दाटतो, आवाज कधी चढतो, हे पुढच्या खेपेला ते स्वतःच सांगू लागतात. मी सजगता म्हणते ती ही.

आपल्या रीतीतही हे शहाणपण होतं. घरात कुणी गेलं की शेजारून पिठलं-भात यायचा, बारा दिवस माणसं येऊन बसायची. त्यातल्या जाचक गोष्टी, विशेषतः विधवांच्या वाट्याला आलेल्या, गेल्या हे उत्तमच झालं. पण बसणंही गेलं. राज्यातले पहिले करोना रुग्ण 9 मार्च 2020 ला पुण्यातच सापडले, आणि पुढं कित्येकांना आपल्या माणसाचा चेहराही पाहता आला नाही, भेटायला कुणी येऊ शकलं नाही. ती दुःखं अजून बोलायची राहिली आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि सोसायट्यांनी त्यासाठी महिन्यातला एक तास राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि सावधही राहा. जिथं अश्रू आले की ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून गप्प करतात, जिथं कुणी औषध विकतं किंवा चालू गोळ्या बंद करायला सांगतं, तिथून उठून या. गट हा मानसोपचारतज्ज्ञांना पर्याय नाही. जीव नकोसा वाटत असेल तर गटाच्या दिवसाची वाट पाहू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतो.

गटात पहिल्या दिवशी काही बोलायलाच हवं असं नाही. नाव सांगून नुसतं बसलं तरी चालतं. व्याख्यान संपल्यावर मी इथंच पुढच्या रांगेत थांबणार आहे. चारचौघांत विचारणं जड जात असेल, तर तिथं या.