डेंग्यूचा ताप उतरला, आता डोळ्यांकडे बघा

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की घराघरात डेंग्यूची तीच चर्चा, प्लेटलेट किती झाल्या, पपईच्या पानांचा रस दिला का, सलाईन लावलं का. प्लेटलेटवर आज मी फार बोलणार नाहीये, ते काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवाले करतातच. आज बोलायचंय डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांबद्दल, केसापेक्षाही बारीक असतात त्या.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे ठणकतं हे बऱ्याच जणांना माहितीये. पण ते तापाबरोबर येतं नि बहुतेक वेळा तापाबरोबरच जातं. मी सांगतोय तो त्रास उशिरा येतो, ताप चढल्यापासून साधारण आठवडाभराने, म्हणजे बघा ताप उतरलेला असतो, प्लेटलेट तळाला जाऊन परत वर यायला लागलेल्या असतात, घरचे म्हणतात चला सुटलो एकदाचे, आणि पेशंट सकाळी मोबाइल हातात घेतो तर नजरेच्या बरोबर मधोमध एक धूसर डाग. ज्या अक्षराकडे बघावं तेच गायब, आजूबाजूचं सगळं नीट दिसतंय! मग अशक्तपणा असेल, झोप झाली नसेल असं म्हणत दोन-चार दिवस तसेच जातात.

आता हे होतं कसं? या बारीक वाहिन्यांची भिंत म्हणजे पेशींचा फक्त एक थर, आणि त्याला आतून एक नाजूक अस्तर असतं. डेंग्यूचा विषाणू एनएस१ नावाचं प्रोटीन रक्तात सोडतो (हो, तेच ते, ज्याची टेस्ट आपण सुरुवातीला करतो) ते या अस्तराची नासधूस करतं, त्यात आपल्या शरीराची विषाणूशी मारामारी चालू असते, त्यात सुटणारी रसायनंही भिंत सैल करतात. मग ठिबकच्या नळीला भलत्याच जागी भोकं पडावीत तसं पाणी झिरपायला लागतं. पोटात, छातीत झिरपतं ते डॉक्टर सोनोग्राफीत बघतात, पण पडद्याच्या मधल्या भागात, ज्याला मॅक्युला म्हणतात, जिथून आपण वाचतो नि चेहरे ओळखतो, तिथे थेंबभर सूजसुद्धा नजरेला भारी पडते. काहींना तिथे रक्ताचे ठिपके येतात, काहींच्या तर बारीक वाहिन्या बंदच पडतात आणि तेवढ्या तुकड्याला रक्त मिळत नाही. त्रास सुरू होतो तेव्हा रक्तातला विषाणू बहुतेक ओसरलेला असतो, म्हणून यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा हात मोठा असं मानलं जातं. प्लेटलेटचा आकडा वाढला म्हणजे डोळा सुटला असं नाही ते यामुळेच.

सिंगापूरचं उदाहरण मला फार इंटरेस्टिंग वाटतं. २००५ साली तिथे मोठी साथ आली, १४ हजारांच्या आसपास पेशंट. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असलेल्यांचे डोळे तपासले तर दहातल्या साधारण एकाला मॅक्युलाचा त्रास निघाला. तेव्हा जोर होता डेंग्यूच्या विषाणूच्या टाइप १ या प्रकाराचा. मग २००७ मध्ये परत साथ, या वेळी टाइप २, आणि हा त्रास जवळपास सापडलाच नाही. म्हणजे विषाणूचा प्रकार बदलला की डोळ्याचं गणितही बदलतं, त्यामुळे तिथली टक्केवारी उचलून पुण्याला नाहीतर नागपूरला चिकटवण्यात अर्थ नाही.

घरी काय करता येईल? मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या, पानाच्या मध्ये ठिपका काढा, चष्मा असेल तर लावा, आणि एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा, मग दुसरा झाकून. रेषा वाकड्या दिसतात का, एखादा भाग पुसल्यासारखा आहे का? दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो नि पत्ताच लागत नाही. काही वेगळं दिसलं तर लगेच रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे, नुसतं चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागणार नाही. ते ड्रॉप टाकून बाहुली मोठी करतात, ओसीटी नावाचा पडद्याचा स्कॅन करतात, सुई नाही की काही नाही, फक्त नंतर काही तास धूसर दिसतं तेव्हा बाइक घेऊन जाऊ नका.

बुबुळाशेजारी पांढऱ्या भागात लाल डाग पडला तर दिसायला भयंकर, पण नजर नीट असेल तर तो बहुतेक आपोआप जातो, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मॅक्युलाच्या त्रासावर हमखास असं औषध नाही. बऱ्याच जणांना नुसतं लक्ष ठेवून काही आठवड्यांत, महिन्यांत बरं वाटतं. सूज जास्त असेल तर काही डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण ते डेंग्यूवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच, मेडिकलमधून स्वतः आणून नाही. आणि थोड्या जणांचा तो मधला डाग मागे राहतो, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असूनसुद्धा.

तपासायला जाताना डेंग्यूचे सगळे रिपोर्ट बरोबर न्या आणि ताप पहिल्यांदा कधी चढला ती तारीख कागदावर लिहून ठेवा, डोळ्याचे डॉक्टर ती विचारणारच.