मागची जागा त्याची

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जखमी सैनिक, त्याचं घर आणि पाणी’. घराकडे मी येणार आहे, खरं तर तेच सांगायला उभा आहे. पण आधी पाण्यापर्यंत पोचायला हवं, आणि जखमी सैनिकांसाठी काढलेल्या आपल्या बहुतेक सहली तिथेच फसतात. समोर कयाकवाले, म्हणजे वल्ह्याची अरुंद बोट चालवणारे आहेत, डोंगर चढणारे आहेत, डॉक्टरही दिसतायत. त्यामुळे पॅराप्लेजिक म्हणजे कमरेखाली लुळा पडलेला माणूस, याहून जास्त समजावत बसत नाही.

खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. अपंग सैनिकांना हाताला काम शिकवण्यासाठी 1917 मध्ये निघालेली संस्था. कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून पुण्यात आहे. मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र 1974 पासून खडकीतच आहे. एवढं सगळं एका शहरात, आणि तिथून गाडीने निघालं तर पवना, मुळशी, पानशेतचं पाणी किती लांब आहे सांगा! जमीन कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला पावलोपावली अडवते. उंबरा, पायरी, वाळू, गवत, सगळंच. पाण्यात उंबरा नसतो. बोटीत बसलेले सहाही जण बसलेलेच असतात, त्यात व्हीलचेअरवाला कोण हे काठावरून ओळखू येत नाही.

मुरलीकांत पेटकरांचं नाव इथे सगळ्यांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातला हा जवान मूळचा बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं. पाण्यात उतरवलं ते उपचार म्हणून, आणि 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक आणलं. पदकाचं कौतुक आहेच. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी उपचार, मग सराव, मग स्पर्धा. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला डॉ. गुटमनांनीही तेच केलं. 1944 मध्ये मणक्याच्या जखमींचा वॉर्ड सुरू केला, आणि 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर 16 जखमी सैनिकांची तिरंदाजी लावली. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात 2004 मध्ये जखमींना कयाक शिकवायला सुरुवात झाली, तीही रुग्णालयाच्या तरणतलावात, नदी नंतर. पुढच्याच वर्षी तिथे गळाची मासेमारी सुरू झाली. त्यात आधी टेबलाशी बसून पिसं आणि दोरा गुंडाळून गळाला आमिष म्हणून नकली माशी बांधायची, मग हिरवळीवर दोरी फेकायचा सराव, आणि मग ओढ्याकाठी. एकच हात राहिलेला माणूसही ती माशी बांधतो, कारण गळ छोट्या पकडीत घट्ट धरलेला असतो. शेवटची गाठ एका हाताने बसत नसेल तर साधे अर्धफास टाकून वर लाखेचा थेंब सोडायचा. बोटांना काम मिळतं, डोकं तासभर एका जागी थांबतं.

आता आपल्याकडची सहल बघा. बस सकाळी नऊला धरणाकाठी पोचते. ढोल-ताशा सुरू. गाडीतून उतरणाऱ्यांतल्या कुणाच्या कानाशी कधीकाळी सुरुंग फुटलाय, आणि आपण त्याच्यापासून चार हातांवर टोल टाकतो. पुढे मांडव. पाहुणे यायचे आहेत, म्हणून व्हीलचेअर ओळीत लावून ठेवतात, आणि ओळ मांडवाबाहेर उन्हात, कारण सावलीत व्यासपीठ आहे. अकरा वाजता सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह.

या शालीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण हा माझा जुना राग आहे. मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, तर इजेच्या खालच्या अंगाला घाम नीट येत नाही. घाम नाही, म्हणजे शरीर थंड करायची सोय नाही. अशा माणसाला उन्हात बसवून वर लोकरीची शाल पांघरणं म्हणजे गरम भांड्यावर झाकण ठेवणं. त्याला भोवळ येते, लोक म्हणतात, ‘भारावून गेला’. मग मांडीवर नारळ ठेवतात, त्यावर लाकडी सन्मानचिन्ह. मांडीला संवेदना नाही, त्या चिन्हाचा कोपरा अर्धा तास रुततोय हे त्याला कळत नाही. आणि मग चहा. दोन्ही हात सामानाने भरलेले, म्हणून कप दोन मांड्यांच्या मध्ये धरला जातो. चहा हिंदकळला तर कातडी भाजते आणि संध्याकाळी कपडे बदलताना फोड दिसतो. ती जखम भरायला कित्येक आठवडे जातात, आणि तेवढे दिवस त्याचं खुर्चीत बसणं बंद. चहा द्यायचा तर झाकणाच्या मगमध्ये, आणि समोर टेबल हवं. हेच शेकोटीचं: संवेदना नसलेली पावलं आगीपासून निदान दोन मीटर लांब, आणि मध्येमध्ये कुणीतरी हात लावून बूट किती तापलेत ते बघायचं.

सत्कार करायचाच असेल तर तो खडकीत जाऊन करा, सावलीत करा, आणि सहलीच्या दिवशी करू नका. त्या दिवशी तो माणूस वल्हं मारायला आलेला आहे.

आता एक प्रयोग करू. सगळ्यांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून बूड वर उचला. पाय अधांतरी हवेत, जमिनीचा आधार घ्यायचा नाही. हं. पहिल्या रांगेने पंधरा सेकंदांत सोडलं! बुडाखालची कातडी दबली की रक्त फिरत नाही. तुम्हाला टोचतं, तुम्ही नकळत कूस बदलता. त्याला टोचत नाही. म्हणून दर 15 ते 30 मिनिटांनी भार काढावा लागतो, आणि रक्त परत फिरायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातांवर कोण तरंगणार? म्हणून पुढे वाकायचं, छाती गुडघ्यांकडे न्यायची, दोन मिनिटं तसंच राहायचं. हे कयाकमध्येही करता येतं. शिट्टी वाजली की सगळ्या बोटी थांबतील, सगळे पुढे वाकतील. धडधाकट स्वयंसेवकांनीसुद्धा वाकायचं, म्हणजे एकट्याकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही.

बोटीतल्या आसनाचं काय? प्लॅस्टिकची उघडी बैठक चालणार नाही. पण खुर्चीतली हवेची गादी उचलून बोटीत टाकली तर ती डुलते, आणि बसण्याची उंची चार-पाच सेंटिमीटरने वाढली की तीच कयाक एकदम हलकी-डगमगती होते. पाणी न शोषणारा, दाट फोम घ्या, पातळ घ्या. पाठ उंच लागते, कारण पोटाचे स्नायू धरत नाहीत. दोन्ही बाजूंना तरंगे लावता आले तर उत्तम. आणि एक गोष्ट कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून करायची नाही: त्याला पट्ट्याने बोटीला बांधायचं नाही. बोट उलटली तर तो खाली लटकतो. आधी तरणतलावात बोट उलटवून बाहेर यायचा सराव, मगच धरण. लाइफ जॅकेटही त्याच्या अंगावर घालून उथळ पाण्यात तपासा. दोन्ही पाय मांडीपासून गेलेल्या माणसाचं वजन वर जमा झालेलं असतं, तो तुमच्यासारखा तरंगेलच असं नाही. चेहरा आकाशाकडे राहतो का ते बघा. पावलांत मोजे आणि मऊ बूट हवेतच, अनवाणी पाऊल बोटीच्या तळाशी घासून सोलवटतं. कृत्रिम पाय मी बोटीत काढूनच ठेवायला सांगतो, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि पिशवी बोटीला बांधलेली. काठावर परत आल्यावर भिजून मऊ पडलेली कातडी कोरडी होऊ द्या, मग पाय चढवा. नाहीतर सॉकेटच्या, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीच्या, कडेला फोड ठरलेला. दिवसभरात पायाचं उरलेलं थोटूक आकसतं, पाय सैल होतो, म्हणून जादा मोजे सोबत हवेत.

काठाचं सांगतो. आपली धरणं ऑक्टोबरात काठोकाठ असतात आणि मार्चमध्ये पाणी मागे सरून चिखलाचा पट्टा उघडा पडतो. दिवाळीत पाहून ठेवलेली जागा होळीला निरुपयोगी. म्हणून ऑक्टोबर-अखेर ते जानेवारी, आणि वारा सुटायच्या आत, सकाळी. वाळूत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात. ढकलू नका, मागची चाकं टेकवून पुढची उचला, किंवा उलटी ओढा. 12 मिलिमीटर प्लायवुडच्या दोन पाट्या पुरतात: एकीवर खुर्ची, दुसरी पुढे टाकायची, मागची उचलून परत पुढे.

आणि मग खुर्चीतून बोटीत. खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारे 50 सेंटिमीटर, कयाकची 10 ते 15. उतरताना जमून जातं. परत येताना दोन तास वल्हं मारून दमलेल्या दंडांनी तेवढंच वर चढायचं असतं, आणि त्याचा विचार कुणी केलेला नसतो. मग चौघं धावतात, काखेत हात घालतात, पँट धरून उचलतात. काखेत कधीच हात घालू नका. त्याचे खांदे हेच त्याचे पाय आहेत; एक खांदा दुखावला तर तो घरात परत दुसऱ्यावर अवलंबून. पँट ओढली की खाली कातडी सरकून फाटते. याला उत्तर आपल्या देवघराशी असतं: चौरंग. 25 सेंटिमीटर उंचीचा, वर फोम, खाली रबराचे पाय. खुर्चीवरून चौरंगावर, चौरंगावरून बोटीत. येताना उलट. हे जमत नसेल तर बोटच उचलून खुर्चीच्या उंचीच्या घोडीवर ठेवा, त्याला बसवा आणि चौघांनी बोटीसकट पाण्यात न्या. बोट नि माणूस मिळून शंभर किलो होतात. खालची माती घसरडी असेल तर सहा जण.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. डॉक्टरांसाठी नव्हे, बाकीच्यांसाठी एकच आणीबाणी सांगतो. वरच्या पातळीची इजा असलेला माणूस अचानक म्हणाला की डोकं ठणकतंय, चेहरा लाल, कपाळावर घाम, तर ते ऊन समजून त्याला आडवं करू नका. रक्तदाब भडकलेला असतो. ताठ बसवा, पाय खाली सोडा, जॅकेट आणि पट्टे सैल करा, आणि कॅथेटरची, म्हणजे लघवी पिशवीत नेणारी, नळी बघा. बहुतेक वेळा बोटीत बसताना ती मुडपलेली असते किंवा पिशवी भरलेली असते. नळी सरळ केली की उतरतं. उतरलं नाही तर थेट रुग्णालय. आणि लघवीची सोय नाही म्हणून लोक पाणीच पीत नाहीत, तेही बघा: खुर्ची 65 ते 70 सेंटिमीटर रुंद, तुमच्या कॅम्पच्या शौचालयाचं दार 60. दार आधी मोजा, मग तारीख ठरवा.

आता घर. ज्यासाठी आलो ते पाच मिनिटांत सांगतो.

आपण बायकोला ‘सोबत’ म्हणून नेतो. म्हणजे ती घरी जे करते तेच धरणावर करते: पिशवी रिकामी करणं, कपडे बदलणं, रात्री दोन-तीन तासांनी उठून त्याची कूस बदलणं. फक्त उघड्यावर. वर्षानुवर्षं तिची रात्रभर सलग झोप झालेली नसते. म्हणून दोन रात्रींची सहल असेल तर रात्रपाळीचे दोन स्वयंसेवक लावा, त्याच्या संमतीने. पहिल्या संध्याकाळी तीच त्यांना शिकवेल. उशी कुठे, गुडघ्यांमध्ये काय, ते तिच्याइतकं कुणाला येत नाही. त्याला उठवताना पायाशी उभं राहून नावाने हाक, अंगाला हात लावून नाही. आणि ती जाईल वेगळ्या तंबूत, निवांत झोपायला.

सकाळी जोडीची कयाक. इथे सगळे चुकतात: त्याला पुढे बसवतात, मागे प्रशिक्षक. जोडीच्या कयाकमध्ये दिशा मागचा देतो. खुर्चीची चाकं ढकलून ढकलून त्याचे दंड तुमच्या-माझ्यापेक्षा मजबूत झालेले असतात. तरणतलावात आठ-दहा वेळा सराव झाला असेल, तर मागची जागा त्याची. पुढे ती, किंवा मुलगा. प्रशिक्षक वेगळ्या बोटीत, हाकेच्या अंतरावर. अपघातानंतर तिने त्याला ढकलत नेलं. इथे तो तिला नेतो, आणि ती समोर बघत बसते, मागे वळून बघायची गरज नसते. मुलाने बाबांना आत्तापर्यंत खालून वर हात करून काहीतरी मागताना पाहिलेलं असतं. आज बाबा मागून सांगतायत, ‘डावं वल्हं थांबव’. मी एवढे खिळे-मोळे, चौरंग नि पाट्या सांगितल्या त्या या अर्ध्या तासासाठी.

बारा कुटुंबं एकदम नकोत. चार न्या, आणि तीच चार परत पुढच्या महिन्यात. पहिल्या खेपेला माणसं पाहुण्यासारखी वागतात. तिसऱ्या खेपेला बायका आपसांत कॅथेटरच्या दुकानापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत बोलू लागतात, आणि मुलांना कळतं की खुर्चीवरचे बाबा आणखीही कुणाचे आहेत. पेपरात फोटो द्यायचा असेल तर आधी तिला विचारा, मग त्याला.

वेळ संपली. चौरंग मागच्या टेबलावर ठेवलाय, जाताना बसून बघा आणि मापं घ्या. पायाला लावलेलं रबर जुन्या सायकलच्या टायरचं आहे.