शुगर निघाली, त्यानंतरचे तीन महिने

नमस्कार श्रोतेहो.

एचबीएवनसी ८.२. रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टवर असा आकडा दिसला, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, की घरी पोहोचेपर्यंत मनात एकच प्रश्न घोळत राहतो: माझ्याच वाट्याला हे का? टाइप टू मधुमेहात अनुवंश, पोटाभोवतीची चरबी, कमी हालचाल, वाढतं वय या सगळ्यांचा हात असतो. शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनवतं, पण स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत. तेव्हा सगळं खापर पेढ्या-जिलेबीवर फोडू नका. आणि घरच्यांनो, "सांगत होतो ना!" हे वाक्य तोंडातच ठेवा. अपराधी वाटलं की माणूस रिपोर्ट लपवतो, तपासणी टाळतो, आणि खरं नुकसान तिथं होतं.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. केलेल्या बदलांचा हिशेब त्यात दिसायलाही तेवढाच काळ लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी भात बंद, फळं बंद, चहा बंद असं करू नका. ते आठवडाभरही टिकत नाही. आधी ताट बदला. अर्ध्या ताटात पालेभाजी, फळभाजी, कोशिंबीर. पाव भागात उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासे. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. बटाट्याची भाजी भाजीत मोजायची नाही, ती भाताच्या वाट्यातली. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चार भाकऱ्यांनी साखर वाढणारच. गूळ आणि मधही साखरेच्याच घरचे. उपवासाची साबुदाणा खिचडी तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर स्नायू रक्तातली साखर लगेच वापरू लागतात.

गोळी बहुधा मेटफॉर्मिन असते, सुरुवातीला अनेकदा ५०० मिलिग्रॅमची. ती जेवताना किंवा जेवण झाल्यावर घ्या. सुरुवातीला मळमळ, पातळ शौचाला होणं हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. नाहीच थांबलं तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळीचा प्रकार बदलून देतात. परस्पर बंद करून कारल्याच्या रसावर राहू नका.

घरी ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटाचं रीडिंग उगाच जास्त येतं. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजा. आकड्याशेजारी काय खाल्लं तेही वहीत लिहा. नुसते आकडे डॉक्टरांच्या फारसे कामाचे नसतात.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, धडधड जाणवली आणि रीडिंग ७० च्या खाली आलं, तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडली तर पुन्हा घ्या, मग थोडं खा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता मनाचं. पहिले काही दिवस राग येणं, रडू येणं, झोप न लागणं स्वाभाविक आहे. पण उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, कशातच रस वाटेना, तर तेही डॉक्टरांना शुगरइतक्याच मोकळेपणानं सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो. घरात एकासाठी वेगळं ताट लावण्यापेक्षा सगळ्यांचंच जेवण बदलणं अधिक चांगलं. मधुमेह घराण्यातून येत असेल तर मुलांनाही त्याचा फायदाच.

आणि एक काम लांबणीवर टाकू नका. हा आजार कळायच्या आधी कित्येकदा काही वर्षं अंगात मुरलेला असतो. म्हणून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन, आणि पायांच्या संवेदनेची तपासणी आत्ताच करून घ्या, त्रास व्हायची वाट पाहू नका. पुढच्या भेटीला वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी चप्पल काढून पाय दाखवा.