कच्च्या लिंबाची बढती

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी तुम्ही कधीतरी कच्चा लिंबू झाला असालच. लपाछपीत सापडलात तरी राज्य यायचं नाही, आउट झालात तरी डाव चालूच. आपल्याकडच्या पोरांनी काढलेली ही फार शहाणी सोय. पण त्यातली मेख कच्च्या लिंबालाच ठाऊक असते. आपण हरत नाही, कारण आपल्याला कोणी मोजतच नाही!

गेल्या मे महिन्यात माझी सात वर्षांची नात आणि मी बदाम सात खेळत होतो. तिनं जिंकावं म्हणून मी हळूच ‘पास’ म्हणालो. डाव संपला, तिनं माझी उरलेली पानं उलटली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, “आजोबा, किल्वरची सत्ती केव्हाच पडली होती. तुमच्याकडे छक्की होती. मग पास का म्हणालात?”

मी काय बोलणार? “हा डाव धरायचा नाही,” तिनं निकाल दिला. मुद्दाम हरणारे आजोबा घरोघरी असतात, आणि मुलांना ते कळत नाही असं फक्त आजोबांनाच वाटतं.

त्याच संध्याकाळी तिला मेंढीकोटात घेतलं. समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पानं आणि सगळा जीव चार दश्श्यांत. तीन दश्श्या मिळाल्या की डाव तुमचा. दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात जास्त तो जिंकला. चारही एकीकडे गेल्या की मेंढीकोट. लहान मुलासाठी मला हा खेळ बदाम सातपेक्षा बरा वाटतो. इथे हरलं तरी सोबतीला एक भिडू असतो.

नात माझी भिडू, समोर तिची आजी आणि बाबा. इस्पिकचा एक्का अजून पडायचा होता आणि आमच्या नातबाईंनी इस्पिकची दश्शी टाकली! बाबानं ती मिटक्या मारत उचलली. पाठोपाठ बाकीच्याही गेल्या. मेंढीकोट! तिचे डोळे भरले. मी ‘असू दे गं’ म्हणणार, तेवढ्यात आजी म्हणाली, “हरलात ना? पिसा आता.”

इवल्याशा हातात बावन्न पानं मावेनात. निम्मी पलंगाखाली गेली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पानं असतात, ती पिसायला लागली असती तर घरभर शोधत फिरलो असतो. पण तिनं कोणाला हात लावू दिला नाही. पिसून झाल्यावर ती माझ्या कानाशी आली. “आजोबा, आजीकडे दश्शी असली की ती नाक खाजवते.”

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. पुढचे तीन डाव आम्ही जिंकले. कसे, ते घरी अजून कोणाला ठाऊक नाही. नव्हतं, म्हणजे आत्तापर्यंत. सौभाग्यवती रेडिओ लावून बसल्या असतील. नमस्कार.