पट्ट्याबाहेरचं पुएर्तो वायार्ता

[विमानाच्या खिडकीतून उपसागर, मागे हिरवे डोंगर]

मेक्सिकोचा पश्चिम किनारा. हालिस्को राज्य. सिएरा माद्रेचे डोंगर उतरत उतरत थेट पॅसिफिकच्या पाण्यात पाय घालतात, त्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसलं आहे. पूर्वी याला लास पेन्यास म्हणत. १९१८ साली नाव बदललं आणि हालिस्कोचे माजी गव्हर्नर इग्नासिओ वायार्ता यांच्यावरून ते पुएर्तो वायार्ता झालं.

इथे येणारे कितीतरी पाहुणे विमानतळावरून हॉटेलात जातात, मनगटावर खाण्यापिण्यासकट सगळ्याचे पैसे आधीच भरल्याचा पट्टा बांधून घेतात आणि आठवड्याने तो कापून परत जातात. शहर पाहायचं राहतंच. आपण त्या पट्ट्याबाहेर फिरणार आहोत.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांच्या व्हिसालाही हीच सवलत आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच हे ठिकाण सोपं पडतं. ई-सिगारेट मात्र सोबत आणू नका, ती देशात आणायला बंदी आहे.

[पादचारी पूल, खाली महामार्ग]

विमानतळाच्या आत आपला कॅमेरा नव्हता, म्हणून तिथलं नुसतं सांगतो. कस्टम्समधून बाहेर पडलात की गळ्यात ओळखपत्र अडकवलेली हसतमुख मंडळी हाक मारतील. टॅक्सी हवी? बोटीची सफर अर्ध्या दरात? ही माहिती केंद्राची माणसं नाहीत, टाइमशेअर, म्हणजे वर्षातल्या ठराविक दिवसांपुरता सुट्टीच्या घराचा हक्क, विकणारी आहेत. स्वस्त सफरीच्या बदल्यात तुमची एक अख्खी सकाळ सादरीकरण ऐकण्यात जाते. नकाराची मान हलवा, चालत राहा. बाहेर येऊन हा पूल ओलांडला की पलीकडे टॅक्सी आणि ॲपवरची गाडी आतल्यापेक्षा स्वस्त मिळते. टॅक्सीला मीटर नाही, भाडं बसण्याआधी ठरवा.

[बसची समोरची काच, त्यावर रंगवलेली ठिकाणांची नावं]

आणि बसही आहे. काचेवर लिहिलेलं वाचायचं. ‘सेंत्रो’ म्हणजे शहराच्या मध्यातून, ‘तूनेल’ म्हणजे बोगद्यातून वळसा घालून. सुटी नाणी हातात ठेवा. जुन्या भागात रस्ते गोट्यांचे आहेत, त्यामुळे बस दात वाजवत जाते. मध्येच एखादा गिटारवाला चढतो, दोन गाणी म्हणतो, टोपी फिरवतो आणि पुढच्या थांब्यावर उतरतो.

पैशांचं एक. इथे पेसोची खूण डॉलरसारखीच लिहितात, मेनूवरचा आकडा बघून घाबरू नका. एटीएम बँकेच्या शाखेतलंच वापरा. यंत्राने तुमच्या चलनात हिशेब करू का विचारलं, तर नाही म्हणा आणि पेसोतच घ्या.

[मालेकॉन, संध्याकाळ. तूबा विकणारा, खांद्यावर मोठा भोपळा]

हा मालेकॉन. समुद्राकाठचा फरसबंद रस्ता, २०११ पासून इथे गाड्या येत नाहीत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दुकानं, मध्ये ब्राँझची शिल्पं. समुद्रघोड्यावर बसलेला तो मुलगा शहराची ओळखच झाला आहे.

पण आपण थांबूया या माणसापाशी. पाठीशी सुकवलेला भोपळा, हातात पेला. भोपळ्यात आहे तूबा, म्हणजे माडाच्या पोयीतून उतरवलेला रस. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. माडावर चढायचं, न उमललेली पोय बांधायची, टोक कापायचं, खाली भांडं अडकवायचं. सकाळ-संध्याकाळ वर जाऊन टोक पुन्हा ताजं कापायचं, नाहीतर धार बंद होते. आपल्याकडे भंडारी पिढ्यान्‌पिढ्या जे करत आले, तेच इथे कोलिमा राज्यातल्या माडांच्या बागांत चालतं. ही विद्या इथली नव्हे. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये स्पेनची गलबतं ये-जा करत होती. त्यांवरचे फिलिपिनो खलाशी या किनाऱ्यावर उतरले, राहिले आणि माडाचं ज्ञान सोबत घेऊन आले.

ताजा रस गोड असतो. विक्रेता पेल्यात सफरचंदाचे बारीक तुकडे आणि शेंगदाणे टाकतो, वरून तूबा ओततो. उन्हात फार वेळ राहिलेला रस आंबतो, तेव्हा दुपारपेक्षा सकाळी प्या. बर्फाची शंका आली तर बर्फ नको म्हणा. नळाचं पाणी मात्र कुठेच पिऊ नका. घरोघरी आणि हॉटेलांतही पिण्याचं पाणी मोठ्या जारमधूनच येतं.

[रात्र. हुआरेस रस्ता. मिरवणूक, पायांत खुळखुळे बांधलेले नर्तक]

डिसेंबरच्या १ ते १२ तारखेपर्यंत रोज संध्याकाळी हा रस्ता बंद असतो. ग्वादालुपेच्या मातेच्या, म्हणजे मेरीमातेच्या, यात्रा निघतात. समोर तिचं देऊळ, विटांच्या मनोऱ्यावर मुकुट असलेलं. तो मुकुट १९९५ च्या भूकंपात पडला होता, नंतर नवा बसवला. मिरवणुकीत पिसांचे शिरोभूषण घातलेले नर्तक असतात, सजवलेले रथ असतात, मारियाचीचे, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताचे, ताफे असतात. पण लक्ष द्या त्यांच्या मागून येणाऱ्यांकडे. हे हॉटेलांचे कर्मचारी. खोल्या आवरणाऱ्या बायका, स्वयंपाकी, माळी, सुरक्षारक्षक, कामाच्याच गणवेशात, आपापल्या मालकाच्या फलकामागे, हातात फुलं आणि फळांच्या टोपल्या. सकाळी तुमच्या टेबलावर कॉफी ठेवणारी माणसं रात्री इथे चालत असतात. त्यातले बरेच जण पितियालसारख्या आतल्या वस्त्यांत राहतात. समुद्राजवळची भाडी आता त्यांना परवडत नाहीत.

या दिवसांत टॅक्सी देवळापर्यंत येत नाही. दोन-तीन चौक आधी उतरा. देवळात फोटो काढताना प्रार्थनेच्या मधोमध उभे राहू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. आणि टिप ठेवा. उपाहारगृहात दहा ते पंधरा टक्के, खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज थोडे पेसो.

[तव्यावर तोर्तिया, मक्याची पोळी, फुगते]

शाकाहारी मंडळींनो, हे नीट ऐका. राजम्यासारखी दिसणारी उसळ बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत परतलेली असते. या चरबीला ‘मांतेका’ म्हणतात. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘कार्ने’, म्हणजे मांस, नको म्हटलं तर कोंबडी येईल, कारण कोंबडीला इथे कोणी कार्नेत धरत नाही. ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’, तेव्हा सगळी नावं घ्या: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका. मग मिळतं भरपूर. भोपळ्याच्या फुलांचं केसादिया (चीज घालून दुमडलेली तोर्तिया), निवडुंगाची भाजी, मका-लिंबू-तिखट, चिंचेचं सरबत. तोर्तियाचा मका चुन्याच्या पाण्यात उकळून दळलेला असतो, म्हणून त्याला तो वास. तिखटाची चिंता आपण करायची नाही.

[दोन हॉटेलांमधली अरुंद गल्ली, टोकाला निळं पाणी]

हा आहे किनाऱ्याचा रस्ता. मेक्सिकोत समुद्रकिनारा राष्ट्राच्या मालकीचा आहे, हॉटेलच्या नव्हे. २०२० मध्ये कायदा आणखी कडक झाला. किनाऱ्याची वाट अडवली तर मालकाला दंड होतो. वाळूवर चटई टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. खुर्ची आणि छत्री उपाहारगृहाची असते, त्यांच्यासाठी किमान इतकं काही मागवावं लागतं. बसण्याआधी तेवढं विचारा.

झेंडे बघा. हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर काठावरच. ओढीच्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या. खाडीच्या तोंडाशी मगरीचे फलक दिसतील. ते शोभेचे नाहीत.

[बोका दे तोमात्लान, छोट्या बोटी. मग येलापाचा किनारा]

दक्षिणेला बसने बोका दे तोमात्लान. तिथून बोटीने येलापा. शहरातल्या लॉस मुएर्तोसच्या धक्क्यावरूनही बोट मिळते. बोट वाळूला टेकते, तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरता, त्यामुळे बूट हातात आणि फोन पिशवीत. डोक्यावर पाय घेऊन फिरणाऱ्या बायका दिसतील. पाय म्हणजे खाण्याचा, लिंबू, नारळ आणि केळ्याचा. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच नावाड्याला विचारा.

[बोका दे तोमातेस. कुंपणाची वाळू, शेकडो काठ्या, प्रत्येकीवर तारीख]

ही कासवं ऑलिव्ह रिडले. आपल्या वेळासला, मंडणगड तालुक्यात, जी येतात तीच जात. रात्री कार्यकर्ते किनारा पायी फिरतात. मादी घरटं खणून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. अंडी पिशवीत उचलून या कुंपणात, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतात. काठीवर तारीख आणि संख्या. सुमारे ४५ दिवस वाळूच उबवते. वाळू जास्त गरम झाली तर माद्या जास्त निघतात, म्हणून वर जाळीची सावली. पिल्लं वर आली की टबात, आणि ऊन उतरल्यावर पाण्याच्या थोडं अलीकडे सोडतात. वाळूवरचं ते अंतर त्यांना स्वतः चालू द्यायचं असतं. मेक्सिकोने कासवांच्या शिकारीवर आणि व्यापारावर १९९० मध्ये बंदी घातली. हॉटेलांच्या दिव्यांनी अजूनही पिल्लं उलट दिशेला जातात.

पाहुण्यांसाठी नियम तीन. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेल्या हाताने पिल्लाला स्पर्श नाही, करवंटीत घेऊन सोडा. फ्लॅश नाही. पिल्लांच्या पुढे जाऊन उभं राहायचं नाही, मागेच थांबायचं.

[उपसागर, दूरवर बोटी]

हंपबॅक व्हेलचा हंगाम ८ डिसेंबर ते २३ मार्च. परवान्याचा झेंडा लावलेलीच बोट घ्या. व्हेलसोबत पोहवतो म्हणणाऱ्याला नकार द्या, ते बेकायदा आहे. जून ते ऑक्टोबर पाऊस आणि चक्रीवादळांचे महिने. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लिडिया हे वादळ याच किनाऱ्यावर आलं.

कासवांचा हंगाम जुलै ते डिसेंबर. कासवं, व्हेल आणि मिरवणुका एकाच फेरीत हव्या असतील तर डिसेंबरच्या ८ ते १२ तारखा धरा. नाताळची गर्दी तेव्हा अजून आलेली नसते.